एस्प्लनेड मॅन्शन: पोलाद नव्हे, बीड

मुंबईतल्या काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, पावसाळा तोंडावर आला की बातम्यांत येते, आणि 'पोलादी सांगाड्याची पहिली इमारत' हे शेपूट बरेचदा तिला लावलेले असते. ते चुकीचे आहे: सांगाडा पोलादाचा नाही, बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे. इमारत पाडावी की राखावी या वादात ही चूक नुसत्या शब्दांपुरती उरत नाही.

ती पोलादाची असूच शकत नाही. सांगाड्याचे भाग इंग्लंडमध्ये ओतून बोटीने आणले आणि इथे जुळवले, ते १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात. ब्रिटनमध्ये पुलांना पोलाद वापरायची सरकारी मुभाच मुळी १८७७ मध्ये मिळाली. शिकागोची जी दहा मजली इमारत गगनचुंबींची आद्य मानली जाते ती १८८५ ची, आणि तिच्यातही बीड, घडीव लोखंड आणि वरच्या मजल्यांत थोडे पोलाद अशी सरमिसळ होती. वॉटसनच्या वाट्याला आले ते बीडच. (काही ठिकाणी बांधकामाचे साल १८६०-६३ असे छापतात. पण एस्प्लनेडचे भूखंड विकायला निघाले तेच मुळी फोर्टची तटबंदी पडू लागल्यावर, आणि ती पडू लागली १८६२ नंतर. हॉटेल उघडले १८७१ मध्ये.)

फरक स्वयंपाकघरात चटकन कळतो. घावन घालायचा बिडाचा तवा हातातून निसटला की ठणकन दोन तुकडे होतात. पत्र्याचा तवा नुसता चेमटतो. बिडात कार्बन जास्त. दाब सोसायला ते पक्के, ताणाला कच्चे, आणि तुटण्याआधी वाकून इशारा देत नाही. नेहमीच्या वेल्डिंगलाही ते दाद देत नाही, डाग दिला की सांध्यालगत नवा तडा जातो. तडा गेलाच तर तो न तापवता धातूच्या पट्ट्यांनी टाचावा लागतो, नाहीतर भार घ्यायला शेजारी नवे पोलाद उभे करावे लागते. पोलादी इमारतीचे ठोकताळे घेऊन इथे आलेला अभियंता घाबरणार, यात नवल नाही.

या इमारतीचे खरे मोठेपण धातूत नाही, रचनेत आहे. भिंती भार उचलत नाहीत. सगळे वजन खांब-तुळयांवर, विटा फक्त मधल्या चौकटी भरायला. आज कुठल्याही टॉवरचे काम असेच चालते, पण १८६९ च्या मुंबईत जाड दगडी भिंतीवाचून पाच मजले चढवणे हे धाडसच होते. आराखडा करणारा अभियंता त्याच सुमारास लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाच्या छपरावरही काम करत होता.

हॉटेलच्या वैभवाबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. १३० खोल्या, काचेच्या छताखालचा नाचाचा हॉल, ७ जुलै १८९६ चा एक रुपया तिकिटाचा चलच्चित्रांचा खेळ. 'जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून ताज हॉटेल उभे राहिले' ही गोष्ट पुराव्यापेक्षा चवीवरच टिकली आहे.

खरा गुंता हॉटेल बंद झाल्यावरचा. खोल्यांची भाड्याची घरे आणि कार्यालये झाली. न्यायालये जवळ असल्याने वकिलांची गर्दी. मग पागडी, १९४७ च्या कायद्याने गोठलेली भाडी, उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतीचा शिक्का. भाड्यातून डागडुजी निघेना, म्हणून मालक करेना. आपले नाही म्हणून भाडेकरू करेना. मधल्या काळात आत आडव्या भिंती आल्या, नळाचे पाइप वाढले, पाणी जिरत राहिले. जुलै २००५ मध्ये पश्चिमेच्या दर्शनी बाजूचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. त्याच्या काही आठवडेच आधी ही वास्तू जगातल्या शंभर धोक्यातल्या स्थळांच्या यादीत गेली होती. एक लक्षात घ्यायला हवे: त्या दिवशी गॅलऱ्या आणि छताचा काही भाग पडला, सांगाडा उभाच राहिला.

२०१९ मध्ये रहिवाशांना बाहेर काढले. एका नामांकित अभियांत्रिकी संस्थेचा अहवाल म्हणाला, पाडा. वारसा समितीने विरोध केला. संवर्धनवाल्यांच्या दुसऱ्या पाहणीने दुरुस्ती शक्य असल्याचे सांगितले, आणि प्रकरण न्यायालयात गेले. खाली रस्त्यावरून चालणाऱ्याच्या डोक्याची काळजी कुणी नाकारत नाही. पण गळक्या गॅलऱ्यांचा निकाल खांबांना लावणे म्हणजे दात दुखतो म्हणून जबडाच काढणे. शिवाय पाडून हुबेहूब नवी उभारायची झाली तर ती बिडात कोण ओतणार? 'पोलादी सांगाडा' हे शेपूट तेव्हा मात्र पहिल्यांदाच खरे ठरेल.

बाहेर पडलेल्या भाडेकरूंसाठी प्रश्न याहून साधा आहे: दुरुस्ती झाली तर पागडीची जुनी खोलीच परत मिळू शकते, आणि पाडली तर भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नसला तरी नवी इमारत उभी राहीपर्यंत थांबावे लागते.