जीवाश्म सागरी गोगलगायींचे वर्गीकरण

सागरी गोगलगायींचे (उदरपाद वर्ग, मृदुकाय संघ) जीवाश्म बहुधा शंखाच्याच रूपात सापडतात. हयात जातींचे वर्गीकरण कल्ले, दंतपट्टिका (अन्न खरवडणारी दातेरी पट्टी), चेतासंस्था व अलीकडे डीएनए यांवरून करतात. जीवाश्मांत हे भाग टिकत नसल्याने पुराजीववैज्ञानिकाला कवचाच्या लक्षणांवरच भिस्त ठेवावी लागते.

शंखाचा एकूण आकार, वेढ्यांची संख्या व फुगीरपणा, पृष्ठावरील कंगोरे व गाठी, स्तंभिकेवरील (शंखाच्या मधल्या अक्षावरील) घड्या आणि मुखाची ठेवण ही नेहमीची लक्षणे होत. त्यांपैकी आकार सर्वांत फसवा. टोपीसारखा शंख परस्परांशी दूरचे नाते असलेल्या अनेक वंशांत स्वतंत्रपणे उत्पन्न झाला आहे. मुखाच्या तळाशी असलेली नलिकाकार खाच व आतील मोत्यासारखा थर ही लक्षणे त्या मानाने उपयुक्त ठरतात.

सर्वाधिक महत्त्व शिखरावरील डिंभकवचाला, म्हणजे डिंभावस्थेत (अळीसारख्या बाल्यावस्थेत) बनलेल्या कवचाला दिले जाते. ते अनेकदा एक मिलिमीटरहूनही लहान असल्याने क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बारीक व अनेक वेढ्यांचे डिंभकवच बहुधा प्लवकांवर जगणारा डिंभ सुचवते. मोठे, थोड्या वेढ्यांचे डिंभकवच तशा अवस्थेचा अभाव. डिंभकवचाची गुंडाळी प्रौढ शंखाच्या उलट दिशेने असल्यास ती जाती विषमक्लोमी (हेटरोब्रँकिया) या उदरपादांच्या गटात घालण्याकडे कल असतो. मात्र शिखर झिजलेले किंवा तुटलेले असले की हा आधार जातो, आणि पुराजीव महाकल्पातील (सु. ५४ ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या) नमुन्यांत तसे वारंवार घडते.

बेलेरोफॉन या लुप्त मृदुकाय प्रजातीचे (जातींच्या गटाचे) व तिच्या संबंधितांचे स्थान दीर्घकाळ वादग्रस्त आहे. हा गट सु. ५० कोटी वर्षांपूर्वीपासून ट्रायासिक कालखंडापर्यंत आढळतो. शंख एकाच प्रतलात गुंडाळलेला व द्विपार्श्व सममित असून पुष्कळ प्रजातींत मुखाच्या मध्यावर चीर आणि तिच्यामागे ती बुजत गेल्याची पट्टी दिसते. अशीच चीर प्लुरोटोमारिया या गोगलगायीच्या कुलात आढळते; त्या कुलातील जिवंत जातीचे वर्णन १८५६ मध्ये झाल्यावर चिरेतून उत्सर्जित पाणी बाहेर पडते, या कल्पनेला बळ आले. पुराजीववैज्ञानिक जे. बी. नाइट यांनी १९५२ मध्ये बेलेरोफॉन हे शरीराला पीळ पडलेले (वाढीत आतील अवयव अर्धवर्तुळात फिरलेले) खरे उदरपाद असल्याचे मांडले. त्याआधी १९४० मध्ये व्हेंट्स यांनी मात्र ते पीळ न पडलेले, एकपट्टधारींच्या (एकच टोपीसारखे कवच असलेल्या मृदुकायांच्या) जवळचे मानले होते. स्नायूंच्या खुणांचा पुरावाही एकसारखा नाही : काही प्रजातींत स्तंभिकेजवळ एकच जोडी, तर सिन्यूइटॉप्सिससारख्यांत एकपट्टधारींप्रमाणे अनेक. त्यामुळे या नावाखाली दोन्ही प्रकारचे प्राणी एकत्र आले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. केवळ चिरेवरून पीळ सिद्ध होत नाही.

बूशे व रोक्रुआ या वैज्ञानिकांच्या उदरपादांच्या २००५ च्या वर्गीकरणातही पुराजीव महाकल्पातील अनेक कुले अनिश्चित स्थानाची म्हणून वेगळी ठेवली आहेत. बहुतेक शंख ॲरॅगोनाइटचे (कॅल्शियम कार्बोनेटच्या सहज विरघळणाऱ्या रूपाचे) असल्याने ते विरघळून जातात व आतील गाळाचा साचाच उरतो. त्यावर पृष्ठनक्षी नसते. अशा नमुन्याला प्रजातीपर्यंत नेणे धाडसाचे असते. उलट, इओसीन काळातील (सु. ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या) काही शंखांवर अतिनील किरण पाडल्यास साध्या प्रकाशात न दिसणारे मूळ रंगाचे पट्टे व ठिपके उमटतात आणि दिसायला सारख्या जाती वेगळ्या करता येतात.