महिला बास्केटबॉलपटूची कारकीर्द : सोलापूर

बास्केटबॉल खेळून चरितार्थ चालवणाऱ्या महिला खेळाडूची शालेय संघापासून निवृत्तीपर्यंतची वाटचाल. अमेरिकेत डब्ल्यूएनबीए ही महिलांची लीग १९९७ पासून चालू आहे. युरोप, ऑस्ट्रेलिया, चीनमधले क्लब खेळाडूंशी हंगामाचा करार करतात. भारतात मात्र बास्केटबॉलवर पोट असलेली मुलगी बहुतेक वेळा खेळाडू कोट्यातून नोकरीला लागलेली असते. पगार रेल्वेचा किंवा एखाद्या वीज मंडळाचा, आणि सामनेही त्याच संघाकडून. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय असल्याने या नोकरीची किंमत इथल्या घरांना वेगळी सांगावी लागत नाही.

फेकीतला बिघाड बहुधा चेंडूपासूनच सुरू होतो. शाळेत एकच चेंडू असतो आणि तो मुलांचा, ७ क्रमांकाचा, ५८० ते ६२० ग्रॅम वजनाचा. महिलांचा चेंडू ६ क्रमांकाचा, ५१० ते ५५० ग्रॅमचा. बारा वर्षांखालच्या मुलींच्या हाती तर ५ क्रमांकाचाच द्यावा. रिंग ३.०५ मीटरवर. अकरा वर्षांची मुलगी जड चेंडू तिथवर पोचवायला तो कमरेपासून उचलते, दोन्ही हातांनी ढकलते, कोपर बाहेर फेकला जातो. चेंडूला उंची मिळत नाही आणि तो रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतो. ही सवय हाडीमाशी खिळली की सतराव्या वर्षी मोडणे फार जड जाते, कारण तोवर ती संघात असते आणि प्रत्येक सामन्यात जुन्याच हाताने गुण मिळवत असते.

उपाय साधा, पण चिकाटीचा आहे. रिंगपासून दीड मीटरवर उभे राहून एका हाताने फेक करावी: कोपर चेंडूखाली, दुसरा हात फक्त आधाराला, शेवटी मनगट सैल खाली पडलेले. दहातले आठ पडू लागले की एक पाऊल मागे. ६.७५ मीटरची तीन गुणांची रेषा सगळ्यात शेवटी. वहीत किती फेकले यापेक्षा किती पडले हे लिहावे. फ्री थ्रोचा (फाउलनंतर मिळणाऱ्या, कुणी न अडवता करायच्या फेकीचा) सराव दमल्यावरच करावा. कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा धावून लगेच दोन फेकी. सामन्यात ती फेक धापा टाकतच करावी लागते.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो आणि उघड्यावरचे सिमेंटचे कोर्ट सूर्य मावळल्यावरही तापलेले राहते. म्हणून उन्हाळी सराव पहाटेचा. खेळण्याआधी कोर्ट झाडून घेणे हे कामच समजावे. बारीक रेतीवर थांबताना बूट सरकतो आणि घोटा मुरगळतो. सिमेंटवर रोज उड्या मारल्याने नडगी दुखू लागते, तेव्हा उड्यांचा व्यायाम आठवड्यातून दोनदाच ठेवावा आणि तोही जमल्यास मातीवर.

कारकीर्द सर्वांत जास्त वेळा अडते ती गुडघ्यावर. गुडघ्याच्या आत हाडांना जोडणारा पुढचा क्रूशिएट लिगामेंट (एसीएल) तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा मुलींत कितीतरी जास्त आहे, आणि तो बहुधा कुणाचा धक्का न लागता तुटतो: रिबाउंड (रिंगवरून परतलेला चेंडू) घेऊन ताठ पायावर उतरताना किंवा एकदम दिशा बदलताना गुडघा आत वळतो. शस्त्रक्रियेनंतर खेळात परतायला निदान नऊ महिने लागतात. ही दुखापत टाळण्यासाठी वॉर्म-अपमध्येच पंधरा-वीस मिनिटे, आठवड्यातून दोन-तीनदा, उतरण्याचा सराव घ्यावा. मुलीला खोक्यावरून खाली उतरायला सांगावे आणि समोरून पाहावे. गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत राहिले, उतरल्याचा आवाज हलका आला तर ठीक. गुडघे एकमेकांकडे झुकले तर मांडीच्या मागच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंची ताकद आधी वाढवायची.

आहारात ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि डाळ हा पाया उत्तम आहे. कमी पडतात ती प्रथिने आणि लोह. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या (दर डेसिलिटरला) खाली गेले तर दम लवकर लागतो आणि प्रशिक्षक त्याला आळस समजतो. सलग तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टर गाठावा. खाणे कमी आणि सराव जास्त झाल्याची ती खूण असू शकते, आणि पुढे हाडाला बारीक चीर जाते.

स्पर्धांची शिडी ठरलेली आहे: शालेय स्पर्धांत जिल्हा, मग पुणे विभाग, मग राज्य, बास्केटबॉल संघटनेच्या वयोगटांच्या स्पर्धा वेगळ्या, महाविद्यालयात गेल्यावर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचा संघ. प्रत्येक प्रमाणपत्रावरचे नाव दहावीच्या दाखल्याप्रमाणेच आहे ना, हे तिथेच तपासावे. रेल्वेच्या खुल्या खेळाडू भरतीत वय १८ ते २५ लागते. १०० पैकी ५० गुण कामगिरीला, ४० चाचणीला, १० शिक्षणाला. चाचणीत ४० पैकी २५ आले नाहीत तर पुढचे काही मोजलेच जात नाही. कामगिरी चालू आणि मागच्या दोन आर्थिक वर्षांचीच धरतात, त्यामुळे एकोणिसाव्या वर्षीची राष्ट्रीय स्पर्धा तेविसाव्या वर्षी उपयोगाची नसते. जाहिरातीची वाट पाहत खेळणे सोडलेल्या मुली इथेच मागे पडतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर (प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतच मोजले जाणारे) आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी अर्जाआधीच करून घ्यावी.

परदेशाची वाट अरुंद आहे, बंद नाही. भारताची बास्केटबॉलपटू गीतू अ‍ॅना जोस ऑस्ट्रेलियात क्लबकडून खेळली आणि २०११ मध्ये तिने डब्ल्यूएनबीए संघांच्या चाचण्या दिल्या. असा करार करताना राहणे, विमा आणि दुखापतीच्या काळातला पगार लेखी हवा. दुसऱ्या देशातल्या क्लबकडे जाताना आपल्या देशाच्या बास्केटबॉल संघटनेचे क्लिअरन्स (ना-हरकत) पत्रही लागते.

३×३ हा प्रकार अर्ध्या कोर्टवर, १० मिनिटे किंवा २१ गुणांपर्यंत चालतो. चार जणींत संघ होतो, तिघी कोर्टवर आणि एक राखीव. जिथे पूर्ण संघाला बारा मुली जमत नाहीत तिथे त्याचा जरूर विचार करावा.

तिशीच्या आसपास वेग उतरतो. रेल्वेत १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते. त्यानंतर कोर्टवर परतताना आधी पोट आणि ओटीपोटाचे स्नायू, मग धावणे, शेवटी उड्या हा क्रम मोडू नये. खेळ थांबला तरी नोकरी साठाव्या वर्षापर्यंत राहते. प्रशिक्षक व्हायचे असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा अभ्यासक्रम आहे, आणि पंचांची परीक्षा तर खेळत असतानाच देता येते.