टॉवेल कितीला पडतो?

सप्टेंबरातल्या दमट हवेत शंभर किलो सूत तोलून सोलापुरातल्या एखाद्या गोदामात रचून ठेवलं आणि मे महिन्यातल्या दुपारी तेच पुन्हा काट्यावर चढवलं, तर सुताचा एकही कोन (शंकूवर गुंडाळलेलं सूत) चोरीला न जाता ते तीन-साडेतीन किलोने कमी भरू शकतं. सूत जागेवरच आहे, त्यातलं पाणी गेलं.

कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्याच्या लांबलचक रेणूंवर जागोजागी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात आणि हवेतलं पाणी त्यांना चिकटून राहतं. म्हणून कापसाच्या व्यापारात एक संकेत ठरून गेला आहे: पूर्ण कोरड्या १०० किलो कापसामागे ८.५ किलो पाणी धरायचं. हवेची आर्द्रता ६५ टक्के असेल तर साधारण एवढंच पाणी कापसात मुरलेलं असतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, दुपारची आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली उतरते आणि हे पाणी चार-साडेचार किलोवर येतं. त्या पाण्याचे पैसे मात्र आपण सुताच्या भावाने मोजलेले असतात.

गंमत अशी, की त्याच मे महिन्यात मालक तयार टॉवेल तोलतो, जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे किती ग्रॅम, ते कमी दिसतं, आणि तो लूमवर जरा जास्त सूत सोडायला सांगतो. इकडे घेणाऱ्या पार्टीच्या प्रयोगशाळेत ६५ टक्के आर्द्रतेत तोच टॉवेल आधीच बरोबर भरणार होता. वाढवलेलं सूत फुकट गेलं.

कॉस्टिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खतावणी येते. मला वाटतं, तिथेच पहिली गफलत होते. वस्तू कितीला पडते हे ठरवणारे निम्मे आकडे तरी पदार्थाच्या अंगच्या गुणांतून येतात: तो किती पाणी धरतो, तापवायला किती ऊर्जा खातो, थंड होताना किती आकसतो. ते गुण ठाऊक नसले की माणूस ‘सुताचा भाव अधिक मजुरी अधिक तीस टक्के’ असं काहीतरी मांडतो. त्या तीस टक्क्यांत काय काय दडवलंय ते मग त्यालाही सांगता येत नाही.

टॉवेलचाच हिशेब पुढे नेऊ. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा, ४५० जीएसएमचा टॉवेल. क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर, म्हणजे वजन साधारण ५०६ ग्रॅम. पण मागावरून उतरलेलं कोरं कापड आणि धुवून, ब्लीच होऊन आलेलं कापड यांचं वजन एक नसतं. कापसाच्या अंगचं मेण, पेक्टिन, चिकटलेला कचरा हे सगळं उकळत्या सोड्याच्या पाण्यात निघून जातं आणि वजन पाच ते आठ टक्के घटतं. सहा टक्के धरू. तर सूत किती लावायचं? बरेच जण ५०६ मध्ये सहा टक्के मिळवून ५३६ म्हणतात. पण घट धरायची ती सुरुवातीच्या वजनावर. म्हणून ५०६ ला ०.९४ ने भागायचं, उत्तर येतं ५३८. दोन ग्रॅमचा फरक. एका टॉवेलला कुणी विचारणार नाही, दहा लाखांच्या ऑर्डरीत मात्र जवळपास दोन टन सूत.

टप्पे वाढले की ही चूकही वाढते. वाइंडिंग (सूत गुंडाळणं), वार्पिंग (उभे धागे बीमवर भरणं), विणकाम, ब्लीचिंग-रंगाई, शिलाई-तपासणी अशा पाच ठिकाणी प्रत्येकी तीन टक्के गेले, तर एकूण पंधरा टक्के गेले, ११५ किलो पुरतील असं वाटतं. प्रत्यक्षात १०० किलो माल हातात यायला सुमारे ११६.५ किलोने सुरुवात करावी लागते. टॉवेलच्या धंद्यात दीड टक्का म्हणजे कधी कधी सगळा नफा.

टेरी, म्हणजे अंगावर लूप असलेल्या टॉवेलला दोन बीम (उभे धागे गुंडाळलेले रूळ) असतात: एक जमिनीच्या धाग्यांचा, ताणलेला, आणि दुसरा लूपच्या धाग्यांचा, सैल सोडलेला. एक मीटर कापडाला समजा चार मीटर लूपचा धागा लागतो. लूपच्या बीमवरचा ताण जरा ढिला झाला आणि चाराचे ४.२ मीटर झाले, तर हाताला टॉवेल किंचित मऊ लागेल, बाकी काही कळणार नाही. लूपच्या धाग्याचा खर्च मात्र पाच टक्क्यांनी वाढला. टॉवेलच्या वजनात साधारण निम्मा वाटा याच धाग्याचा, म्हणजे एकूण सूत अडीच टक्के जास्त गेलं. हा आकडा ऑफिसातल्या वहीत सापडत नाही. कात्रीने कापडाची पट्टी कापायची, एक लूपचा धागा उसवून सरळ करायचा आणि फूटपट्टीवर मोजायचा.

आता वेळ. सेंटिमीटरला १६ आडवे धागे धरले, तर दीड मीटरच्या टॉवेलला २४०० धागे. माग मिनिटाला १८० धागे टाकत असेल तर सव्वातेरा मिनिटं. पण माग सतत चालत नाही. धागा तुटतो, कामगार गाठ मारतो, पुन्हा सुरू करतो. ७५ टक्के वेळ चालला तर तोच टॉवेल पावणेअठरा मिनिटांचा झाला. आणि धागा जास्त कधी तुटतो? हवा कोरडी असताना. कापसाचा धागा ओलाव्याने बळकट होतो, कोरडा पडला की कमकुवत आणि ठिसूळ. म्हणजे सुरुवातीला वजनात नडलेला उन्हाळा इथे वेळेतही नडतो. शेडमध्ये पाण्याचे तुषार सोडणारी यंत्रं हा मागवाल्याच्या खर्चातला एक आकडा. ती न लावल्यामुळे तुटणारे धागे हा दुसरा. दोन्ही शेजारी मांडल्याशिवाय महाग कोणता ते कळत नाही.

सोलापूर म्हटलं की चादर आणि टॉवेल. १८७७ मध्ये इथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, आपली जुनी मिल, उभी राहिली, इतकं इथलं कापडकाम जुनं. पण शहराला ओतकामाचंही अंग आहे. गाडीच्या इंजिनातल्या झडपा उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, इंजिनाचे सुटे बिडाचे भाग इथे ओतले जातात. तिथेही तोच घोटाळा, वेगळ्या रूपात. ओतीव भागाचा भाव किलोवर बोलला जातो आणि किलो म्हटलं की वाटतं, लोखंडाचा भाव कळला की काम झालं.

एक टन बीड १५०० अंशांपर्यंत वितळवायला, काहीही वाया न जाता, सुमारे ३९० युनिट वीज लागते. हा निसर्गाचा दर आहे, त्यात घासाघीस नाही. इंडक्शन भट्टीत प्रत्यक्षात साधारण ५५० ते ६५० युनिट लागतात, कारण कॉइल तापते, भिंतीतून उष्णता जाते आणि झाकण उघडं राहतं. हे शेवटचं कारण क्षुल्लक वाटतं. पण तापलेल्या पृष्ठभागातून बाहेर पडणारं प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातात वाढतं. १५०० अंशांच्या उघड्या बिडाच्या दर चौरस मीटरमधून शंभर किलोवॅटहून जास्त ऊर्जा छताकडे निघून जाते. साचे तयार नाहीत म्हणून भट्टी अर्धा तास ताटकळली, तर तो खर्च कुठल्या जॉबवर टाकायचा? बहुतेक ठिकाणी कुठल्याच नाही, तो ‘ओव्हरहेड’मध्ये मिसळून जातो.

आणि वितळवलेलं सगळं विकलं जातं असंही नाही. सहा किलोचा भाग हवा असेल तर साच्यात दहा किलो ओतावं लागतं. उरलेलं चार किलो रनर आणि रायझरमध्ये. रनर म्हणजे धातू साच्यात नेणारी वाट. रायझर म्हणजे भागाला जोडलेला धातूचा साठा. भाग थंड होऊन आकसतो तेव्हा तो पोकळी भरून काढतो. त्यासाठी त्याने भागाच्या नंतर गोठायला हवं. १९४० मध्ये निकोलस क्व्होरिनोव्ह यांनी दाखवलं की गोठायला लागणारा वेळ हा घनफळ भागिले पृष्ठभाग, याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे डिझायनरने कुठे विनाकारण एक जाड गठ्ठा ठेवला, की त्याला पुरे पडेल असा रायझर त्याहून जाड करावा लागतो. ड्रॉइंगवरची ती एक रेघ, आणि प्रत्येक नगामागे किलो-दोन किलो जास्त बीड वितळवावं लागतं. करड्या बिडाचा एक उपकार असा, की गोठताना त्यातला कार्बन ग्रॅफाइट होऊन बाहेर येतो आणि फुगतो, त्याने आकसणं बरंचसं भरून निघतं. स्टीलला ही सोय नाही. स्टीलचे रायझर मोठे असतात. स्टीलचं ओतकाम महाग पडण्याचं हे एक मोठं कारण आहे.

रनर-रायझर तोडून पुन्हा भट्टीत जातात, म्हणून काही जण ‘ते फुकटच’ म्हणतात. लोखंड परत मिळतं, हे खरं. वीज परत मिळत नाही. दहा किलो ओतून सहा किलो विकलं आणि त्यातले पाच टक्के नग नापास झाले, तर टनाला ६०० युनिटची भट्टी विकलेल्या टनामागे हजाराच्या वर युनिट खाते.

नापास नगाचंही एकच मोल नसतं. आत हवेचा बुडबुडा राहिलेला नग साचा फोडतानाच दिसला, तर नुकसान वितळवण्याचं आणि वाळूचं. तोच बुडबुडा संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर शेवटचा कट घेताना उघडा पडला, तर फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करणं), वाहतूक, मशीनचे तास, झिजलेलं टूल, सगळं त्याच्याबरोबर भंगारात. टक्केवारी तेवढीच, खर्च कितीतरी पट. ‘आमचं रिजेक्शन चार टक्के’ हे वाक्य कुठे सापडलेलं चार टक्के ते सांगितल्याशिवाय अपुरं आहे.

कधी कधी मात्र पदार्थाचा गुण ओळखून खर्च वाचवताही येतो. कॅमशाफ्टवरचे उंचवटे झडपांच्या यंत्रणेवर सतत घासतात, ते कडक हवेत. मधला दांडा मात्र मशीनवर सहज कापता यावा इतका मऊ हवा. साच्यात उंचवट्यांच्या जागी धातूचे तुकडे, म्हणजे चिल, बसवतात. तिथे बीड झपाट्याने गोठतं, कार्बनला ग्रॅफाइट व्हायला सवड मिळत नाही आणि कठीण लोह-कार्बाइड तयार होतं. एकाच ओतणीत एकाच भागाला दोन स्वभाव मिळाले. उंचवटे नंतर वेगळे कडक करायची गरज उरली नाही. चिलचा खर्च लावला, पण एक अख्खा टप्पा गळला.

ऑर्डर किती नगांची यावर उत्तर पार पालटतं. हिशेबापुरते आकडे घेऊ: लाकडी पॅटर्न (ज्यावरून वाळूत साचा उठवतात तो नमुना) २०,००० रुपयांना, धातूचा १,२०,००० ला, आणि धातूच्या पॅटर्नवर प्रत्येक साच्यामागे २५ रुपये वाचतात. ४००० नगांच्या आत लाकूड, त्यापुढे धातू. चादरीवर नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड यंत्राचंही हेच. पूर्वी नक्षीच्या प्रत्येक आडव्या धाग्याला एक भोकं पाडलेलं कार्ड लागायचं, त्यामुळे नवी नक्षी म्हणजे कार्डांची भलीमोठी माळ आणि थोड्या चादरींसाठी ती परवडायची नाही. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर नक्षी ही एक फाइल असते, म्हणून लहान ऑर्डरी घेता येऊ लागल्या.

कारखाना वाढवताना एक सूत्र उपयोगी पडतं, ते १९४७ मध्ये रॉजर विल्यम्स यांनी मांडलं. टाकी, बॉयलर यांसारख्या साधनांची क्षमता दुप्पट केली तर किंमत दुप्पट होत नाही, साधारण दीडपट होते. किंमत क्षमतेच्या ०.६ व्या घाताने वाढते. कारण बरंचसं भूमितीचं आहे: आत मावतं ते घनफळावर, पत्रा लागतो तो पृष्ठभागावर. मागाला हा नियम लागू नाही. दहा मागांच्या जागी वीस माग म्हणजे दुप्पट पैसे. म्हणून आठ-दहा मागांचा घरगुती कारखाना मोठ्यासमोर टिकू शकतो, पण आठ मागांपुरता बॉयलर आणि रंगाईखाना उभारणं आतबट्ट्याचं होतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या गल्ल्यांत विखुरलेले माग बघताना मला हे सूत्र हटकून आठवतं.

अनुभवाचाही आकडा काढलेला आहे. टी. पी. राइट यांनी १९३६ मध्ये विमानांच्या कारखान्यातल्या नोंदींवरून दाखवलं, की एकूण उत्पादन दुप्पट झालं की दर नगामागची मजुरी साधारण वीस टक्क्यांनी उतरते. पहिल्या शंभर नगांवरून दहा हजारांचा भाव देणारा माणूस त्यामुळे महाग ठरतो. उलट, दहा हजारांच्या आशेवर भाव देऊन पाचशेवर ऑर्डर थांबली तर बुडतो. हे फक्त हाताच्या कामाला लागू. ते ३९० युनिट सरावाने कमी होत नाहीत.

म्हणून अंदाज एका आकड्यात देऊ नये, पट्ट्यात द्यावा: कमीत कमी इतका, जास्तीत जास्त इतका. खर्चाचे अंदाज बांधणाऱ्या अभियंत्यांच्या एएसीई या संस्थेने अंदाजांचे पाच वर्गच पाडले आहेत. सर्वांत कच्च्या, पाचव्या वर्गात खरा खर्च अंदाजाच्या दुप्पट निघाला तरी ते अपेक्षित धरलेलं आहे. ड्रॉइंग पक्कं होत जातं तसा पट्टा अरुंद होतो. टॉवेलवाल्याकडे तो अरुंद करायची याहून स्वस्त सोय आहे: दोन-चार मीटर सॅम्पल विणायचं, धुवायचं, वाळवायचं आणि आर्द्रता नोंदवून तोलायचं. कोटेशन त्यानंतर.