गाडीखालचा डाग आणि न दिसणारी गळती

रात्री गाडी उभी करताना इंजिनाखाली कोरडा पुठ्ठा अंथरावा आणि सकाळी तो उजेडात पाहावा. त्यावर स्वच्छ, वासहीन पाणी असेल तर ते बहुधा एसीच्या थंड नळ्यांवर साचलेले दव असते आणि त्याची काळजी नको. तपकिरी किंवा काळा, बुळबुळीत डाग इंजिन ऑइलचा असतो. मात्र डाग पडला तिथेच गळती असते असे नाही, कारण इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाच्या, म्हणजे टॅपेट कव्हरच्या, गॅस्केटमधून (सांधा बंद ठेवणाऱ्या पट्टीतून) झिरपलेले तेल ओघळत आणि वाऱ्याने मागे ढकलले जात चेंबरपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलपात्रापर्यंत, पोचते. म्हणून इंजिन आधी स्वच्छ पुसून मगच उगम शोधावा. चाकाजवळ पिवळसर पातळ थेंब दिसले तर ते ब्रेक ऑइल असू शकते. मग गाडी हलवूच नये.

इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, म्हणजे कूलंटला, गोडसर वास येतो, तो त्यातील इथिलीन ग्लायकॉलचा. हे द्रव्य विषारी आहे, म्हणून सांडलेले कूलंट लगेच धुऊन काढावे. पाणी 100 अंशांना उकळते, तर निम्मे कूलंट व निम्मे पाणी यांचे मिश्रण सुमारे 107 अंशांना, आणि रेडिएटरच्या झाकणाने धरलेल्या दाबामुळे त्याहूनही बरेच वर. कूलंट नेणारा रबरी होज पाईप फाटला की हा दाब जातो आणि कोकणातून करूळ घाट चढून गगनबावड्याला येणारी गाडी वाटेतच तापते.

मला सर्वांत गंभीर वाटते ती पुठ्ठ्यावर न दिसणारी गळती. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना धातूंचे प्रसरण सांगायला नको: ॲल्युमिनियम बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. बिडाच्या ब्लॉकवर (सिलिंडर असलेल्या मुख्य भागावर) ॲल्युमिनियमचे हेड (वरचा झाकणासारखा भाग) असलेले इंजिन फार तापले की हेड वाकते, मधले गॅस्केट निकामी होते आणि कूलंट सिलिंडरमध्ये किंवा तेलात शिरते. कूलंटच्या टाकीतील पातळी घटत असूनही खाली डाग नसणे, इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहणे, डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) दुधी चहासारखे तेल दिसणे, ही त्याची लक्षणे आहेत. थंडीतल्या सकाळी क्षणभर येणारी पांढरी वाफ मात्र नेहमीचीच असते. निळसर धूर तेल जळत असल्याचा, तर काळा धूर इंधन जास्त किंवा हवा कमी पडत असल्याचा.

अशा वेळी केवळ पाणी भरत राहिल्यास, कोल्हापूरच्या उद्यमनगरातील वर्कशॉपमध्ये हेड उतरवून फेसिंगवर (त्याचा पृष्ठभाग घासून सपाट करण्यावर) भागले असते तिथे पूर्ण इंजिन उघडावे लागते. तापमानाचा काटा चढू लागताच एसी बंद करून गाडी बाजूला घ्यावी, इंजिन थांबवावे आणि ते पूर्ण निवेपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये; दाब सुटताच आतले पाणी उसळून चेहरा भाजतो.