व्यायामानं कॅन्सर टळतो का? आमच्या सभासदांसाठी माहितीपत्रक

"सर, रोज व्यायाम केला की कॅन्सर होत नाही, खरं का?" हा प्रश्न आमच्या जिमच्या टेबलापाशी आठवड्यातून चार-पाचदा येतो. गल्लीत कुणाला निदान झालं की पुढच्या पंधरवड्यात त्याच गल्लीतून दोन-तीन नवी नावं हमखास येतात. उभ्या उभ्या उत्तर देताना अर्धं राहून जातं आणि मागे रांग लागते. म्हणून एकदाच लिहून काढलं. नाव घालण्याआधी वाचा. ज्यांनी घातलंय आणि सध्या फिरकत नाहीत, त्यांनी तर जरूर वाचा.

उत्तर असं, की धोका कमी होतो. शून्य होत नाही, आणि सगळ्याच कॅन्सरचा कमी होत नाही.

२०१६ साली अमेरिका आणि युरोपातल्या बारा पाहण्या एकत्र करून सुमारे १४ लाख ४० हजार माणसांची माहिती तपासली गेली. कॅन्सरचे २६ प्रकार बघितले, त्यातल्या १३ प्रकारांत हालचाल जास्त असलेल्यांना धोका कमी दिसला. २०१८ मध्ये अमेरिकी सरकारनं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं त्यातली सात नावं भक्कम पुराव्याची म्हणून धरली: मोठं आतडं, स्तन, गर्भाशयाचं अस्तर, मूत्रपिंड, मूत्राशय, जठर आणि अन्ननलिकेचा एक प्रकार. धोक्यातली घट साधारण १० ते २० टक्के. याचा अर्थ शंभरातले वीस जण वाचले असा नव्हे. समजा शंभरात दहा जणांना एखादा आजार होणार असेल, तर २० टक्के घट म्हणजे दहाच्या जागी आठ. तुम्ही त्या वाचलेल्या दोघांत आहात की नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही. आम्हालाही नाही, म्हणून आम्ही पाटीवर 'कॅन्सरमुक्त व्हा' असलं काही लिहिलेलं नाही. अशी पाटी लावा म्हणून सांगणारे बरेच भेटले.

त्याच २०१६ च्या अभ्यासात एक उलटी गोष्टही निघाली. जास्त हालचाल करणाऱ्यांत त्वचेचा मेलानोमा हा कॅन्सर थोडा जास्त दिसला, बहुधा उघड्यावर उन्हात व्यायाम केल्यामुळे. आमच्या डोक्यावर पत्रा आहे, एवढंच सांगतो.

हे घडतं कसं, असं विचारणारे कमी असतात, पण एकदा कळलं की माणूस टिकतो. काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, मग शरीराला इन्शुलिन कमी लागतं. इन्शुलिन आणि त्याच्या नात्यातली वाढीची द्रव्यं पेशींना 'वाढा, दुप्पट व्हा' असं सांगत असतात. ती सतत चढलेली असणं बरं नव्हे. इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक स्तनाच्या पेशींना तसंच वाढायला सांगतं, आणि पाळी थांबल्यावर ते मुख्यतः चरबीत तयार होतं, म्हणून सुटलेल्या अंगाचा आणि स्तनाच्या कॅन्सरचा संबंध लागतो. चरबीमुळे अंगात एक मंद दाह धुमसत राहतो, तोही व्यायामानं उतरतो. आता यातली मेख बघा. एका दिवसाच्या व्यायामाचा इन्शुलिनवरचा असर दोन-तीन दिवसांत ओसरतो. वर्षाचा व्यायाम जानेवारीत उरकून ठेवता येत नाही.

आणि इथंच सगळं घोडं अडतं.

आमच्याकडे येणाऱ्यांची ठरलेली चूक सांगतो. पहिल्या दिवशी तासाभराच्या ठिकाणी दोन तास. दुसऱ्या दिवशी शेजारचा पोरगा उचलतो तेवढं वजन. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या धरतात, चौथ्या दिवशी खुर्चीतून उठवत नाही, पाचव्या दिवशी 'जरा बरं वाटेना' असा निरोप. मग पाहुणे, लग्नसराई, परीक्षा, पाऊस. तीन महिन्यांनी तोच माणूस परत येतो आणि म्हणतो, "माझे दिवस शिल्लक आहेत की!" आम्हाला पुन्हा वजन, कंबर, रक्तदाब, गुडघे, सगळं पहिल्यापासून बघावं लागतं. आमचा वेळ जातो ते सोडा, तुमचं अंग पुन्हा पहिल्या पायरीवर आलेलं असतं.

कोल्हापूरकरांना हे नव्यानं सांगायची गरज नाही. तालमीत ज्यानं उमेदीची वर्षं घालवली, आणि नंतर कसरत सोडली पण खुराक तसाच ठेवला, त्या पैलवानाचं अंग कसं सुटतं ते प्रत्येक पेठेनं बघितलंय. पूर्वी काढलेल्या जोर-बैठका पोटावरची चरबी अडवायला येत नाहीत.

म्हणून आमचे दोन नियम आहेत, आणि दोन्हींवर तक्रारी येतात.

पहिला: पहिले तीन आठवडे आम्ही जड वजन हातात देत नाही. चालणं, सायकल, अर्ध्या बैठका, भिंतीला टेकून जोर, रबरी पट्टा. "याच्यासाठी पैसे भरले का?" असं तोंडावर विचारतात. होय, याच्यासाठीच. स्नायू लवकर तयार होतो, सांधे आणि स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या मागून येतात.

दुसरा: सभासद सलग चार दिवस दिसला नाही की आम्ही फोन करतो. काहींना हा जाच वाटतो. त्यांना एक अभ्यास सांगतो. त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झालेले ८८९ रुग्ण, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. अर्ध्यांना व्यायामाचा मार्गदर्शक दिला, तो तीन वर्षं पाठीशी होता. बहुतेकांनी नुसतं भरभर चालणंच वाढवलं. उरलेल्यांना आरोग्याची माहितीपुस्तिका दिली. पाच वर्षांनी पहिल्या गटात ८० टक्के लोक आजार न उलटता होते, दुसऱ्यात ७४ टक्के. आठ वर्षांनी हयात असलेले ९० टक्के आणि ८३ टक्के. व्यायामाची पाहणी बहुतेक वेळा नुसती नोंदींवर चालते आणि 'व्यायाम करणारी माणसं तशीही जपून राहतात' ही शंका उरते. इथे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले होते, म्हणून याला वजन जास्त. हे पत्रक वाचून, घडी घालून टीव्हीखाली ठेवणाऱ्यांनी पुस्तिकेचा गट कुठला होता ते लक्षात घ्यावं. फोन त्यासाठी असतो.

फीसुद्धा आम्ही वर्षाची एकदम घेत नाही, तीन महिन्यांची घेतो. या धंद्यात न येणाऱ्या सभासदांवर भाडं निघतं, हे उघड गुपित आहे. सगळे एकाच दिवशी आले तर उभं राहायला जागा पुरायची नाही. आम्हाला येणारी माणसं परवडतात, कारण तीच शेजारणीला घेऊन येतात.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम, शिवाय दोन दिवस ताकदीचा. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही. रंकाळ्यावर चौघांत राजकारणावर भाषण करत दोन फेऱ्या मारता येत असतील तर वेग वाढवा. आणि फेरीनंतरच्या मिसळीचा हिशोब तुमचा तुम्ही करा, आम्ही त्यात पडत नाही. घरकाम धरायचं का, असं वहिनी विचारतात. वाकून फरशी पुसताना श्वास वाढतो, ती धरा. ओट्यापाशी उभं राहून भाकऱ्या थापणं धरू नका, दमायला होत असलं तरी.

पोटाच्या कॅन्सरसाठी पोटाचा व्यायाम, छातीच्यासाठी छातीचा, असं काही नसतं. हा प्रश्न रोज येतो म्हणून वेगळा लिहिला.

ज्यांना आमच्याकडे येणं जमतच नाही त्यांच्यासाठी: ब्रिटनमधल्या, 'आम्ही व्यायाम करत नाही' असं सांगणाऱ्या २२ हजारांहून जास्त माणसांच्या मनगटाला यंत्र बांधून पाहिलं. २०२३ मध्ये ते छापून आलं. दिवसाकाठी साडेतीन-चार मिनिटं, मिनिट-मिनिटाच्या तुकड्यांत दम लागेल अशी हालचाल करणाऱ्यांतही कॅन्सरचं प्रमाण कमी दिसलं. जिना झपझप चढणं, गॅसची टाकी ओढणं, बस पकडायला पळणं. जिन्याला फी नाही.

आता जे व्यायामानं होत नाही ते. तोंडात मावा धरून ट्रेडमिलवर चढणारे सभासद आमच्याकडे आहेत. बेसिनचा रंग बघून आम्हाला संख्याही कळते. तोंडाच्या कॅन्सरचं मूळ आपल्याकडे तंबाखू, सुपारी आणि मशेरीत आहे. कितीही किलोमीटर पळा, गालातली गोळी तिचं काम करतेच. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो. तिथं लस आणि तपासणी उपयोगाची. (वर सांगितलेलं गर्भाशयाचं अस्तर वेगळं. बरेच जण दोन्ही एकच समजतात.) "मी जिमला जाते, मला तपासणी कशाला?" हे वाक्य आम्ही ऐकलंय आणि ते ऐकून झोप उडते.

तसंच, महिन्यात सहा दिवस येऊन पाच किलो उतरले असतील तर पेढे वाटू नका. आमचा व्यायाम इतका चांगला नाही. आधी डॉक्टरांकडे जा.

उपचार चालू असलेल्यांनी किंवा होऊन गेलेल्यांनी आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय आम्ही सुरुवात करत नाही. यात हुज्जत घालू नये. हाडापर्यंत आजार गेलेला असेल किंवा रक्तातल्या पेशी उतरलेल्या असतील तर पथ्यं वेगळी असतात, आणि ती आम्हाला तुमच्या तोंडून नको, कागदावर हवीत. स्तनाच्या ऑपरेशननंतर त्या हातानं काही उचलायचंच नाही, हात सुजेल, असं पूर्वी सांगत. २००९ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात हळूहळू, देखरेखीखाली वजन वाढवलेल्या बायकांच्या हाताची सूज त्यामुळे वाढली नाही असं दिसलं. आमच्याकडे हे अर्ध्या किलोपासून, दंडाला घट्ट बाही घालून आणि दर आठवड्याला दंड मोजून चालतं.

बायकांची वेगळी वेळ सकाळी अकरा ते बारा. साठीच्या पुढच्यांसाठी संध्याकाळी चार ते पाच, त्या वेळी गाणी हळू आवाजात असतात. पहिला आठवडा फी न भरता येऊन बघा. बाहेरचे बूट घालून आत येऊ नका, टॉवेल स्वतःचा आणा, आणि मावा फाटकाबाहेर थुंकून, चूळ भरून या.