बॅटरी गेली, की टर्मिनल?

चावी फिरवली आणि नुसता ‘टक’ आवाज आला, की पार्किंगमधल्या प्रत्येकाचं निदान तयार असतं: ‘बॅटरी गेली.’ मीही ते ऐकून नवी बसवली. गाडी सुरू झाली. आठ महिन्यांनी पुन्हा ‘टक’. मग गॅरेजवाल्याने स्टार्टर, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी मोटर, उतरवून रिपेअर केला, ते बिल वेगळं.

बॅटरी खरोखर उतरली की काय होतं, हे सगळ्यांनी पाहिलंय. दिवे मिणमिणतात, हॉर्नचा घसा बसतो. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीला लावलेल्या व्होल्टमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं, तिथे १२ किंवा त्याहून कमी दिसतं. चार-पाच वर्षं झाली असतील तर बदलून टाका, विषय संपला.

गोंधळ होतो तो दुसऱ्या प्रकारात. हेडलाइट लख्ख, हॉर्न खणखणीत, तरी स्टार्टर ढिम्म. ‘दिवे लागतायत ना, म्हणजे करंट येतोय, म्हणजे स्टार्टरच गेला!’ खिसा रिकामा होतो तो या वाक्याने. समजा, टर्मिनलच्या, म्हणजे बॅटरीचा खांब आणि त्यावर आवळलेला केबलचा क्लॅम्प यांच्या, क्षारामुळे जोडात फक्त ०.०२ ओहमचा अडथळा आलाय. हेडलाइट साधारण १० अँपिअर घेतात, म्हणजे ०.२ व्होल्ट जोडात गेले. डोळ्यांना कळणारही नाही. स्टार्टरला लागतात शंभराच्या वर. १०० धरले तरी २ व्होल्ट जोडातच जिरले. टाकी काठोकाठ भरलेली, पण पाइपात क्षार: चूळ भरण्यापुरतं पाणी येतं, बादली भरत नाही.

‘पण जंप दिल्यावर, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडल्यावर, लगेच सुरू झाली की!’ होणारच. जंपरचा चिमटा आपण बहुतेक वेळा केबलच्या क्लॅम्पवर लावतो. करंट तिथूनच थेट आत शिरतो, बॅटरीचा खांब आणि क्लॅम्प यांच्यामधला खराब जोड वाटेत येतच नाही. नव्या बॅटरीचंही तेच: खांब कोरे असतात, बसवताना क्लॅम्प जरा खरवडला जातो, आणि श्रेय बॅटरीला मिळतं.

तपासायला दोन मिनिटं पुरतात. मीटरची एक पिन शिशाच्या खांबावर, दुसरी क्लॅम्पवर. दोन्ही पिना क्लॅम्पवर टेकवून ‘काही नाही’ म्हणणारे मी पाहिलेत. कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. ०.१ व्होल्टपर्यंत ठीक. त्याच्या बरंच वर गेलं तर जोड खराब. प्लस आणि मायनस, दोन्हीकडे बघा. दोन्हीकडे ठीक असेल, तर बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी बघा.

टर्मिनलवर साचणाऱ्या त्या पावडरीला ‘कार्बन’ म्हणू नका, कार्बनचा तिथे काही संबंध नाही. पांढरी असते ती बहुधा शिशाचा सल्फेट. निळसर-हिरवी असेल तर मोरचूद, द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणात घालतात तेच. म्हणजे आम्ल तांब्यापर्यंत पोचलंय. केबलचं आवरण जरा मागे सारून आतल्या तारा बघा.

साफ करताना हातमोजे घाला. आधी मायनस काढा, जोडताना तो शेवटी, नाहीतर प्लसवरचा पाना बॉडीला टेकला की ठिणगी. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून लावा. फसफस थांबेपर्यंत घासा, पण बॅटरीच्या झाकणांतून थेंबही आत जाऊ देऊ नका. पुसून, कोरडं करून, क्लॅम्प घट्ट आवळा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली. कोला ओतणाऱ्यांना माझा नमस्कार.

आणि इंजिन चालू असताना टर्मिनल उपटून ‘अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनित्र) चेक’ करणाऱ्याकडे गाडी देऊच नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जळू शकतो.

माझ्या गाडीत बायकोने चावी फिरवली तेव्हा प्लसच्या जोडात १.८ दिसले. घासल्यावर ०.०४. जुनी बॅटरी तोवर एक्स्चेंजमध्ये गेली होती.