आरोग्यविषमता आणि उद्योगव्यवसाय : नाशिक जिल्हा

उत्पन्न, जात, लिंग, कामाचे स्वरूप किंवा राहण्याचे ठिकाण यांमुळे समाजातील निरनिराळ्या गटांच्या आरोग्यात पडणाऱ्या व टाळता येण्याजोग्या तफावतीस आरोग्यविषमता म्हणतात. ही तफावत केवळ दवाखान्याच्या अभावातून येत नाही. लंडनमधील सरकारी नोकरांच्या १९६७ मध्ये सुरू झालेल्या पाहणीत सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट आढळला. पुढे ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८ च्या अहवालात विषमतेची मुळे माणसाच्या जगण्याच्या व कामाच्या परिस्थितीत असल्याचे मांडले. मार्मट यांच्याच संस्थेने २०२२ मध्ये ब्रिटनमधील उद्योगांसाठी काढलेल्या अहवालात उद्योगाच्या तीन भूमिका सांगितल्या आहेत : कामगारांचा मालक, माल व सेवा पुरवणारा आणि भोवतालच्या समाजावर प्रभाव असलेला घटक. नाशिक जिल्ह्यात यांपैकी पहिली भूमिका सर्वांत निर्णायक आहे. चर्चा मात्र बहुधा तिसरीचीच होते.

सातपूर, अंबड, सिन्नर व गोंदे येथील औद्योगिक वसाहती, मालेगावचे यंत्रमाग, निफाड व दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षबागा आणि लासलगावचा कांदाबाजार यांवर जिल्ह्याचे अर्थकारण उभे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येपैकी सुमारे एक चतुर्थांश अनुसूचित जमातींची असून पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर हे तालुके प्रामुख्याने आदिवासी आहेत. पावसाळा सरला की तेथील कुटुंबे बागांच्या आणि बांधकामांच्या कामाला खाली उतरतात. त्यामुळे घाटमाथ्यावरील कुपोषण व सपाटीवरील समृद्धी हे दोन वेगळे विषय मानणे चुकीचे ठरते.

कारखान्यांतील विषमतेची रेषा हजेरीपटावर दिसते. कामगार राज्य विमा योजनेत (१९४८ चा कायदा, आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट) वेतनाच्या ३.२५ टक्के मालकाने व ०.७५ टक्के कामगाराने भरावयाचे असतात. ही रचना २०१९ पासूनची आहे. त्या बदल्यात कामगाराला व त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात आणि आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. कंत्राटी कामगाराची वर्गणी भरण्याची अंतिम जबाबदारीही मूळ मालकावरच आहे. नोंदच नसलेल्या मजुराला मात्र यातले काही मिळत नाही. एकाच यंत्रावर काम करणाऱ्या दोघांपैकी कायम कामगार ताप आल्यावर रजा टाकतो, तर रोजंदारीवरचा हेल्पर गोळी घेऊन पाळीला येतो, कारण खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी बुडते. लहान वाटणारा हा फरक वर्षानुवर्षे साचत जातो.

शेतमजूर या विम्याच्या बाहेर आहेत, आणि द्राक्षबागेतील काम जोखमीचे आहे. फळछाटणी झाल्यावर वेलीचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइड लावतात. या कामाला पेस्टिंग म्हणतात. स्पंज किंवा कापडाचा बोळा द्रावणात बुडवून मजूर एकेक काडी पुसत जातात. हे रसायन कातडी व डोळे भाजते. कामाच्या आधी किंवा नंतर दारू घेतलेली असेल, तर चेहरा लालबुंद होणे, छातीत धडधडणे, धाप लागणे व उलट्या असा त्रास होतो. हातमोजे फाटके असले किंवा काम उक्ते घेतल्यामुळे हात धुण्यालाही उसंत नसली, तर धोका वाढतो. डब्यावरील सूचना वाचता न येणाऱ्या टोळीला ही माहिती तोंडी, तिच्या बोलीत आणि काम सुरू होण्याआधी मिळावी लागते.

याच बागेतील घडाची काळजी किती काटेकोर असते, ते पाहण्यासारखे आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधक रसायनाच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षे नाकारली गेली. निर्यातदारांना व बागायतदारांना मोठा फटका बसला आणि त्यानंतर अंशतपासणीची शिस्त अधिक कडक झाली. निर्यातीच्या द्राक्षासाठी बागेची नोंदणी होते, नमुने प्रयोगशाळेत जातात. खाणाऱ्याच्या पोटात विष जाऊ नये यासाठी बाजार जी यंत्रणा उभी करू शकतो, ती फवारणाऱ्याच्या रक्तासाठीही उभी करता येईल. अडचण तंत्राची नाही.

स्थलांतराचा आणखी एक परिणाम मातांवर होतो. आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून २०१५ पासून अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण मिळते. मुक्काम हलला की ते ताट गावातच राहते आणि बाळाची लस चुकण्याची शक्यता वाढते. टोळी बोलावणाऱ्या बागायतदाराने मुक्कामाच्या गावातील अंगणवाडीला व आशा सेविकेला नावे कळवली तरी यातले बरेचसे टळते, आणि त्याला खर्च जवळपास काहीच येत नाही.

सिन्नरच्या विडी व्यवसायात मालक आणि माल या दोन्ही भूमिका एकत्र येतात. घरी बसून, हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात तंबाखूची भुकटी जाते आणि तयार झालेली विडी दुसऱ्या गरिबाच्या फुप्फुसांत जाते. विडी कामगारांच्या दवाखान्यांना व इतर कल्याणकामांना आधार देणारा उपकर वस्तू व सेवा कराच्या आगमनाबरोबर २०१७ मध्ये रद्द झाला.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठराविक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. कुपोषण निर्मूलन, प्रतिबंधक आरोग्यसेवा, स्वच्छता व पिण्याचे पाणी हे विषय त्यात येतात, आणि कंपनीच्या परिसराला प्राधान्य देण्याची अपेक्षा आहे. एका दिवसाच्या तपासणी शिबिरापेक्षा पाड्यावर बारमाही पाणी आणणारी योजना अधिक टिकाऊ ठरते, कारण डोक्यावरचा हंडा आणि पोटाचे विकार दोन्ही तिने कमी होतात. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांना लाभ देणारा खर्च या २ टक्क्यांत धरला जात नाही. त्यामुळे कामगारांचा विमा, पाळणाघर, धुळीपासून संरक्षण व पुरेशी मजुरी यांचा भार उद्योगाला नेहमीच्या उत्पादनखर्चातूनच उचलावा लागतो.